नष्ट आणि मृत : हरवलेल्या विमानांच्या शोधाची कथा

सुरत शहर मागे टाकून तापी नदी पश्चिमेकडे वाहत जाते आणि खंबायतच्या आखाताला मिळते. त्या संगमाच्या उत्तर तीरावर हजीरा हे गाव आहे. गुजराती भाषेत 'हजीरो' म्हणजे कबर, समाधिस्थान. नदीच्या मुखाशी बांधलेली एका इंग्रज अधिकाऱ्याची उंच कबर पूर्वी गलबतांना समुद्रातून खूण म्हणून उपयोगी पडत असे. मृताच्या समाधीकडे पाहून जिवंतांनी आपला मार्ग ओळखावा, असा हा योग. जवळच सुवाळीचा किनारा आहे. तेथील पाण्यात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या नौका झुंजल्या. त्याच सुमारास काशीक्षेत्री कमलाकरभट्ट आपला 'निर्णयसिंधु' पूर्ण करीत होते. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तथापि पुढील विवेचनात आम्हांस समुद्राची आणि त्या ग्रंथाची, दोघांचीही गरज पडणार आहे, म्हणून त्यांचा येथेच एकत्र उल्लेख केला.

८ नोव्हेंबर २०२० रोजी हजीऱ्याहून काठेवाडातील घोघा बंदरापर्यंत माणसे आणि मालमोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. खुष्कीच्या मार्गाने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर जलमार्गाने ९० किलोमीटरांवर आले. समारंभ मोठा झाला, आणि तो योग्यच होता. परंतु पश्चिम समुद्राच्या इतिहासात ह्या तारखेस आणखी एक घटना घडली आहे. १८८८ सालच्या ८ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर १३२ वर्षांपूर्वी, काठेवाडच्याच समुद्रात 'वैतरणा' नावाची आगबोट नाहीशी झाली. ती कोठे गेली हे आजतागायत कोणास सांगता आलेले नाही.

'वैतरणा' हे नाव आपल्या ठाणे-पालघर भागातील नदीचे. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. कच्छमधील मांडवीहून दुपारी निघून ती द्वारकेस आली. उतारूंची संख्या सातशेवर गेली. मुंबईस निघालेली लग्नाची वऱ्हाडे आणि मॅट्रिकच्या परीक्षेस बसणारी मुले तीत होती, असे सांगतात. हवा बिघडल्यामुळे पोरबंदरास न थांबता ती पुढे निघाली. त्या संध्याकाळी मांगरोळच्या बाजूस ती दिसली, आणि त्यानंतर कोणासही दिसली नाही. मुंबई सरकारने आणि बोटींच्या कंपन्यांनी आगबोटी धाडून समुद्र धुंडाळला. पण तिचा मागमूस लागला नाही. चौकशी झाली, जीवरक्षणाच्या साधनांची उणीव उघडकीस आली. काठेवाडच्या लोकगीतांत कप्तान हाजी कासमचे नाव अमर झाले, आणि १९५४ साली गुणवंतराय आचार्य यांनी त्या कथेवर कादंबरी लिहिली. पण ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांतून एकच प्रश्न उरला, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे : जो माणूस परत येत नाही, आणि ज्याचा देहही हाती लागत नाही, त्याला काय म्हणावे?

आपल्या भाषेने ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. आज आपण 'नष्ट' हा शब्द 'नाश पावलेला' ह्या अर्थाने वापरतो. परंतु धातुपाठात 'नश्' ह्या धातूचा अर्थ 'अदर्शन', म्हणजे न दिसणे, असा दिलेला आहे. जो दिसेनासा झाला तो नष्ट. तो मेला असे ह्या शब्दाने मुळात म्हटलेलेच नाही. म्हणूनच स्त्रीने दुसरा पती केव्हा करावा हे सांगणारे पराशरस्मृतीतील जे प्रसिद्ध वचन आहे, त्यात 'नष्ट' पती आणि 'मृत' पती असे दोन निराळे प्रसंग मोजले आहेत. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ह्याच वचनाचा आधार घेऊन विधवाविवाहाचा पक्ष मांडला आणि १८५६ साली तसा कायदा झाला. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी तोच पक्ष हाती घेतला. वाद विधवांविषयी होता, म्हणून सर्वांचे लक्ष 'मृत' ह्या शब्दावर खिळले. 'नष्ट' ह्या शब्दाकडे कोणी फारसे पाहिले नाही. वास्तविक त्या एका शब्दात एक संबंध जग कोंडलेले आहे.

महाराष्ट्राला ह्या जगाची ओळख पानिपताने करून दिली. १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. पुढे त्यांचा म्हणून एक देह ओळखण्यात आला, त्याचे दहनही झाले. पण पुण्यात कित्येकांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी आपले सौभाग्यचिन्ह उतरविले नाही. १७८३ साली त्यांचा अंत झाला, तोपर्यंत बावीस वर्षे त्या वाट पाहत राहिल्या. ह्या अनिश्चिततेचा फायदा घेण्यास एक तोतयाही उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असलेला हा मनुष्य १७७६ साली बाहेर पडला, आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. 'भाऊसाहेब आले' ह्या वार्तेवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना तसा विश्वास ठेवावयाचा होता. अखेर त्या तोतयाला पकडून त्याच वर्षी देहांताची शिक्षा देण्यात आली. ह्या प्रकरणाकडे आपण राजकारण म्हणून पाहतो. परंतु त्याचे मूळ शोधू गेल्यास असे आढळते की ज्याचा शोध निर्विवादपणे पुरा झाला नाही, त्याच्या नावाची जागा रिकामी राहते, आणि ती जागा भरण्यास आशा, अफवा आणि लबाडी ह्या तिघीही दाराशी टपलेल्या असतात.

आता आपण समुद्राकडून आणि रणांगणाकडून आकाशाकडे वळू. आमच्या काळातील 'वैतरणा' म्हणजे मालवाहू विमाने होत. सैनिक, टपाल, औषधे, दारूगोळा, भाजीपाला, सारे पोटात घेऊन ती दुर्गम ठाण्यांकडे जातात. त्यांच्या उड्डाणाचा गाजावाजा होत नाही. एखादे परतले नाही म्हणजेच आपणांस त्यांचे नाव कळते.

ज्या काठेवाडने 'वैतरणा' गमावली त्याच काठेवाडच्या वाटेवर असे एक विमान १९८६ साली हरवले. 'अँटोनोव्ह-३२' ही विमाने आपल्या वायुसेनेने १९८४ पासून सोव्हिएत रशियाकडून घेतली. उष्ण हवेत आणि उंच पहाडी धावपट्ट्यांवर चालावीत म्हणून त्यांना विशेष जोरकस एंजिने बसविलेली होती. नवी विमाने मस्कतमार्गे जामनगरास आणीत असत. २५ मार्च १९८६ रोजी त्यांपैकी एक मस्कतहून निघाले, आणि जामनगरास पोहोचलेच नाही. आत सात माणसे होती. समुद्र पिंजून काढला, पण त्याचा एक तुकडाही हाती लागला नाही.

त्यानंतर तीस वर्षांनी, २२ जुलै २०१६ रोजी सकाळी, त्याच जातीचे एक विमान चेन्नईजवळील तांबरम तळावरून अंदमानातील पोर्टब्लेअरकडे निघाले. त्याचा क्रमांक के-२७४३. दर आठवड्यास होणारी ही नेहमीची फेरी होती. विमानात २९ माणसे होती : सहा चालकवर्गातील, बाकीचे सैन्यदलांतील कर्मचारी आणि विशाखापट्टणच्या नौदल शस्त्रागारात काम करणारे आठ मुलकी नोकर. कोणी सुटी संपवून निघाला होता, कोणी नेमून दिलेल्या कामावर. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांच्या सुमारास ते रडारवरून नाहीसे झाले. त्या वेळी ते २३,००० फूट उंचीवर होते. डावीकडे वळून ते वेगाने खाली येताना रडारवर दिसले, एवढेच अखेरचे चित्र. संकटाचा संदेश आला नाही.

त्यानंतर जो शोध सुरू झाला त्याला 'तलाश' असे नाव देण्यात आले. डझनाहून अधिक नौका, एक पाणबुडी, आणि नौदल, वायुसेना व तटरक्षक दल यांची विमाने बंगालच्या उपसागरावर फिरू लागली. असा शोध कसा चालतो हे सामान्य वाचकास ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. विमान शेवटी जेथे दिसले तो बिंदू नकाशावर घेतात. तेथून ते किती दूर जाऊ शकले असते, वारा कोठला होता, पाण्याचा प्रवाह कोणीकडे वाहतो, ह्यांचा हिशेब करून त्या बिंदूभोवती चौकटी आखतात आणि एकेक चौकट नांगरटीसारखी उभी-आडवी पिंजून काढतात. तरंगणारी वस्तू दिवसेंदिवस दूर वाहत जाते, म्हणून दररोज चौकट रुंदावत जाते. आज येथे दिसणारा तेलाचा तवंग उद्या दुसरीकडे असतो, आणि बहुधा तो दुसऱ्याच कोणा जहाजाचा ठरतो. वर शोधताना काळ वैरी होतो. तळाशी काळ फारसा वैरी नसतो, कारण तळाशी गेलेली वस्तू तेथेच पडून राहते. पण तेथे खोली वैरी होते. ह्या ठिकाणी समुद्र सुमारे साडेतीन किलोमीटर खोल. तेथे पाण्याचा दाब भूतलावरील हवेच्या दाबाच्या साडेतीनशे पट. प्रकाश मुळीच नाही. बुडालेल्या विमानाने पाण्याखालून ध्वनी करावा म्हणून एक लहान यंत्र बसवितात, त्याची बॅटरी साधारण महिनाभर चालते. ते यंत्र ह्या विमानावर नव्हते, असे शोधकाळात प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्याने हाक मारावयाची तोच मुका होता.

राष्ट्रीय समुद्र प्रौद्योगिकी संस्थेचे 'सागर निधी' आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे 'समुद्र रत्नाकर' ही जहाजे आणून तळाचे ध्वनिचित्र घेण्यात आले. तरीही काही सापडले नाही. १५ सप्टेंबर २०१६ च्या सुमारास शोध थांबविण्यात आला, आणि विमानातील सर्व २९ जण मरण पावले असे मानण्यात येत असल्याचे त्यांच्या घरी कळविण्यात आले. 'मानण्यात येत आहे' ह्या शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. सरकारला हे मानणे भागच होते. मानल्यावाचून निवृत्तिवेतन सुरू होत नाही, विम्याची रक्कम मिळत नाही, मुलांच्या शिक्षणाची तजवीज होत नाही. परंतु कागदाने मानले म्हणून आईचे मन मानते, असे नव्हे. त्या विमानात एका मराठी घरचाही मुलगा होता. अशा घरांपैकी कोणी कोणत्या देवाला कौल लावला असेल, कोणी दारातला दिवा किती रात्री तेवत ठेवला असेल, हे वर्तमानपत्रांत येत नसते. आपल्या गोमंतकीय देवळांत पाकळीचा प्रसाद घेताना असे प्रश्न देवापुढे ठेवणारी माणसे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. उजवी पाकळी पडली तरी त्यांचे मन भरत नाही आणि डावी पडली तरी ती मान्य करीत नाहीत; दुसऱ्या देवळाची वाट धरतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण कौल ज्या गोष्टीचा लागावयास हवा ती गोष्टच कोणास ठाऊक नसते.

गोष्ट येथेच संपती तर १९८६ च्या विमानासारखी ती विस्मृतीत गेली असती. तसे झाले नाही. सुमारे सात वर्षांनी त्याच संस्थेने आपोआप चालणारी एक नवी पाणबुडी-यंत्रणा, जीत माणूस नसतो, त्या विमानाच्या शेवटच्या ठिकाणी समुद्रात सोडली. ३,४०० मीटर खोलीवरून तिने ध्वनिचित्रे आणि छायाचित्रे आणली. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० सागरी मैलांवर समुद्रतळाशी एका विमानाचे अवशेष पडलेले त्यांत दिसले. १२ जानेवारी २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की चित्रांतील अवशेष अँटोनोव्ह-३२ शी जुळतात. त्या भागात दुसरे कोणतेही विमान हरवल्याची नोंद नाही; तेव्हा ते बहुधा के-२७४३ चेच असावेत. 'बहुधा' हा शब्द सरकारनेच ठेवला, आणि आम्हीही तो ठेवतो. तरी त्या बातमीने फरक पडला. इतकी वर्षे ज्या स्थळाला नाव नव्हते, त्याला अक्षांश-रेखांश मिळाले. ज्यांचे कोणीही नाही म्हणून कोणी विसरून जावे अशी ती माणसे नव्हती, हे त्या समुद्रतळाच्या छायाचित्राने सांगितले.

ह्याहून जुनी आणि ह्याहून विलक्षण कथा हिमालयातील आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी 'अँटोनोव्ह-१२' जातीचे एक मोठे मालवाहू विमान चंदीगडहून लेहकडे निघाले. चालकवर्ग धरून त्यात १०२ माणसे होती. लेहची हवा बिघडल्यामुळे विमान परत फिरले, आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात त्याचा संपर्क तुटला. शोध झाला, पण बर्फाने काही सांगितले नाही. पस्तीस वर्षे लोटली. २००३ साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची मंडळी लाहौलमधील 'चंद्रभागा-१३' ह्या शिखराच्या मोहिमेवर असताना ढाका हिमनदीवर त्यांना विमानाचे तुकडे आणि एका सैनिकाचे अवशेष सापडले. २००७ साली आणखी तीन देह मिळाले. २०१९ साली विमानाचे काही भाग हाती आले. २०२४ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस सेनेच्या पथकाने पुन्हा चार देह खाली आणले. अपघाताला त्या वेळी छप्पन वर्षे झाली होती.

छप्पन वर्षांनी घरी आलेल्या देहाला कोण ओळखणार? आईबाप गेलेले, कित्येकांच्या पत्नी गेलेल्या. बावीस-तेवीस वर्षांचा तरुण बर्फात तेवीस वर्षांचाच राहिला, आणि त्याला खांदा द्यावयास आलेले पुतणे साठी ओलांडलेले. तरीही गावाने त्याला वाजतगाजत नेले, चितेवर ठेवले वा त्याच्या धर्माप्रमाणे भूमीत ठेवले. कोणी विचारील, एवढ्या वर्षांनी ह्या खटाटोपाचा उपयोग काय? बर्फावर जिवंत माणसांचा जीव धोक्यात घालून मेलेल्यांना कशाला आणावयाचे? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शोधपथकांतील माणसेही कोणाची तरी मुले असतात, आणि अठरा हजार फुटांच्या आसपासची हिमनदी कोणाला सवलत देत नाही. शोध कोठे थांबवावा ह्याला मर्यादा असलीच पाहिजे. परंतु ती मर्यादा धोक्याने ठरावी, कंटाळ्याने ठरू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

ह्या बाबतीत आपल्या धर्मग्रंथांनी किती बारकाईने विचार केला होता, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. प्रारंभी उल्लेखिलेला 'निर्णयसिंधु', आणि त्यानंतर १७९० च्या सुमारास संगमेश्वराजवळच्या गोळवलीचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी पंढरपुरी चंद्रभागेच्या काठी रचलेला 'धर्मसिंधु', हे दोन्ही ग्रंथ आपल्या देवळांतील वैदिक मंडळींच्या नित्य परिचयाचे आहेत. हरवलेल्या माणसाविषयी त्यांत स्वतंत्र निर्णय आहे. ज्याची वार्ता येत नाही त्याची सामान्यतः बारा वर्षे वाट पाहावी. हरवलेला तरुण असेल तर वीस वर्षे, मध्यम वयाचा असेल तर पंधरा, उतारवयाचा असेल तर बारा, असाही एक पक्ष आहे. तरुणाला परत येण्यास अधिक अवधी द्यावा, ही त्यातील माणुसकी उघड आहे. मुदत सरल्यावर पालाशविधी करावा : माणसाच्या देहात ३६० अस्थी मानल्या आहेत, म्हणून पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन त्यांची आकृती रचावी, मस्तकाच्या जागी नारळ ठेवावा, आणि त्या पर्णमय देहाला मंत्राग्नी द्यावा. तिथी ठाऊक नसेल तर श्राद्ध त्या महिन्याच्या अमावास्येस करावे. ज्याचा देह सापडला नाही त्याला देहावाचून जाऊ द्यावयाचे नाही, हा ह्या विधीचा भाव आहे. निसर्गाने देह दिला नाही तर कुटुंबाने आपल्या हातांनी तो घडवावा, आणि मगच निरोप द्यावा.

आणि तो माणूस परत आला तर? त्याचीही सोय आहे. ज्याचे दहन होऊन गेले तो दारात उभा राहिला, तर त्याला तुपाच्या कुंभातून बाहेर काढून नवा जन्म द्यावा, जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हा करावेत, आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. शास्त्रकारांना आशा ठाऊक होती. त्यांनी दार लावले, पण कडी घातली नाही.

इंग्रजी अमलात १८७२ साली पुराव्याचा कायदा झाला. त्याने ही मुदत सात वर्षांवर आणली : ज्यांना एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणे कळली असती त्यांना ती सात वर्षे कळली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सात वर्षे वार्ता नसणे हे घटस्फोटाचे एक कारण मानले. के-२७४३ ची सात वर्षे जुलै २०२३ मध्ये भरली, आणि त्याचे अवशेष मिळाल्याची वार्ता पुढच्या जानेवारीत आली. कायद्याने वाट पाहणे संपविले, आणि लगोलग समुद्राने आपले मौन थोडेसे सोडले. हा निव्वळ योगायोग आहे. पण तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता बारा वर्षे, सात वर्षे, की सरकारने घेतलेले दोन महिने? आमच्या मते ह्या तिघांत खरा विरोध नाही, कारण ती तीन उत्तरे तीन निराळ्या प्रश्नांची आहेत. चूल कशी पेटेल ह्या प्रश्नाला दोन महिन्यांतच उत्तर मिळाले पाहिजे. संपत्ती आणि विवाह यांच्या बंधनांचे काय, ह्याला सात वर्षे पुरेत. पण मनाला किती काळ लागेल हे कोणी ठरवू नये. येथे आपल्या समाजाकडून एक अपराध फार काळ घडत आला आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. हरवलेल्याच्या पत्नीला आपण वाट पाहू देत नाही. शेजारणी तिच्या कपाळाकडे पाहतात. हळदीकुंकवाला तिला बोलवावे की न बोलवावे, ह्याची कुजबुज होते. कुंकू ठेवले तर निर्लज्ज, आणि पुसले तर पतीच्या मरणाची घाई झालेली, असे दुहेरी बोल तिच्या वाट्यास येतात. ज्या ग्रंथांचा आधार सांगून हे चालते त्या ग्रंथांनी तिच्या पतीला 'मृत' म्हटलेले नाही, 'नष्ट' म्हटलेले आहे, आणि वाट पाहण्यास वर्षे दिली आहेत. पार्वतीबाईंच्या मागे पेशव्यांच्या घराण्याचा आधार होता. साध्या घरच्या स्त्रीला तो नसतो. देवळाच्या सभामंडपात तिची जागा पूर्वी जेथे होती तेथेच ठेवणे, एवढे तरी आपण करू शकतो.

कोंकणीत शोधाला 'सोद' म्हणतात. शब्द लहान आहे, काम मोठे आहे. शोध घेणे म्हणजे केवळ धातूचे तुकडे मिळविणे नव्हे. 'तू आमचा होतास आणि तुझी जागा आम्ही दुसऱ्या कशाने भरली नाही', असे गेलेल्याला सांगणे, आणि राहिलेल्याला खरे काय ते कळविणे, हा त्याचा हेतू आहे. 'नष्ट' ह्या अवस्थेतून माणसाला एक तर घरी, नाही तर 'मृत' ह्या शब्दापर्यंत पोहोचविणे हे जिवंतांवरचे ऋण आहे. ते ऋण कधी पाणबुडी फेडते, कधी गिर्यारोहक फेडतात, आणि जेथे दोघांचेही हात पोहोचत नाहीत तेथे पळसाचे देठ फेडतात. १८८८ च्या सातशेंवर आणि १९८६ च्या सात जणांसाठी अखेर बहुधा तेवढेच उरले असावे.

हजीऱ्याच्या धक्क्यावरून बोट सुटते तेव्हा उतारू आपापल्या सामानाची काळजी करीत असतात, मुले कठड्याशी धावतात, आणि आखाताचे गढूळ पाणी भरती-ओहोटीच्या ओढीने मोठ्या जोराने आत-बाहेर करीत असते. त्या पाण्याच्या पलीकडे, काठेवाडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, 'वैतरणा' कोठे तरी आहे; त्याही पलीकडे मस्कतच्या वाटेवर ते विमान आहे. सर्वपित्री अमावास्येस आपण तर्पण करतो तेव्हा ज्यांची नावे ठाऊक आहेत त्यांच्या मागून ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडण्याची चाल आहे. ह्या वर्षी ती ओंजळ सोडताना, ज्यांचा पत्ता लागला नाही त्या सर्वांचे स्मरण आमच्या वाचकांनी करावे, आणि आपल्या गावात अशी एखादी आई वा पत्नी अजून वाट पाहत असेल, तर त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन यावे, अशी आमची विनंती आहे.